खटकण्याची वही

आपण काढलेलं चित्र बायकोला दाखवायचं, पण ते चित्र आहे हे सांगायचं नाही, एवढा एक साधा निर्णय मी एका सोमवारी घेतला. त्यानंतरच्या सहा दिवसांत माझं राहतं घर विकायला निघालं, एक अनोळखी जोडपं आमच्या बाथरूममधले नळ सोडून बघून गेलं, सासूबाई कपड्यांची पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि मी आयुष्यात पहिल्यांदा भिंतीला लांबी भरली. (लांबी म्हणजे भिंतीतले खड्डे बुजवायचा तो पांढरा लगदा. केसांना लागला तर तीन दिवस निघत नाही.)

पण असं शेवटाकडून सांगितलं की मीच गोंधळतो. सुरुवातीपासून सांगतो.

मी एका इंटिरियर डिझायनर बाईंच्या ऑफिसात सतरा वर्षं नोकरीला आहे. माझं काम नकाशे सांभाळायचं. कोणत्या घराचं स्वयंपाकघर कोणत्या गुंडाळीत आहे, हे मी गुंडाळी न उघडता सांगू शकतो. ऑफिसात मला सगळे ‘गुंडाळीवाले’ म्हणतात. आधी मला राग यायचा, मग सवय झाली, आणि आता कोणी नावाने हाक मारली तर मीच मागे वळून बघतो की हा कोणाला बोलावतोय.

आमच्या ऑफिसात एक खुर्ची होती ती थ्रीडी काढणाऱ्या मुलीची. थ्रीडी म्हणजे अजून न झालेल्या घराचा फोटो. भिंत उभी नाही, सोफा घेतलेला नाही, पण कॉम्प्युटरवर त्या भिंतीला टेकून तो सोफा असतो आणि त्याच्यावर चक्क दुपारचं ऊन पडलेलं असतं. मला या प्रकाराचं भारी कुतूहल. नकाशा परत ठेवण्याच्या निमित्ताने मी त्या मुलीच्या खुर्चीमागे दोन वर्षं उभा होतो. स्टीलच्या पेल्यात समोरची खिडकी वाकडी दिसते हे त्या यंत्राला कसं कळतं, एवढं एकच मला जाणून घ्यायचं होतं. तिने ते सांगितलं, आणि मग मला गालिच्याच्या केसांबद्दल प्रश्न पडला. अशा रीतीने ती नोकरी सोडून गेली तोवर मला बरंचसं येऊ लागलं होतं. (ती माझ्या प्रश्नांना कंटाळून गेली असं ऑफिसात बोलतात. त्यात तथ्य नसावं.)

खुर्ची रिकामी झाली तसा मी धीर करून मॅडमच्या केबिनमध्ये गेलो.

"मॅडम, थ्रीडीचं काम मी बघू का?"

मॅडमनी चष्मा काढला. "तुम्ही?"

"हो. म्हणजे मला येतं. थोडंफार."

"गुंडाळीवाले, मी पुढच्या महिन्यापासून ते काम बाहेर देणार होते. आणि सगळं बाहेर कॉम्प्युटरवरच जाणार म्हटल्यावर गुंडाळ्याही स्कॅन करून टाकायच्या, असा विचार आहे."

"मग गुंडाळ्यांना माणूस..."

"लागणार नाही," मॅडम म्हणाल्या. त्या वाईट नाहीत, फक्त वाक्यं अर्धी ठेवत नाहीत. "पण तुम्ही सतरा वर्षांत कधी काही मागितलं नाहीत. एक थ्रीडी करा, वहीत अभिप्राय घ्या आणि येत्या तिसऱ्या सोमवारी आणा. जमलं तर खुर्ची तुमची."

म्हणजे एकीकडे खुर्ची आणि दुसरीकडे घरी बसणं. मधलं काही नाही.

वहीबद्दल सांगायला हवं. आमच्या ऑफिसातलं कुठलंही थ्रीडी वहीत गेल्याशिवाय गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत. मॅडमचं म्हणणं असं, की लोकांना "कसं वाटतं?" विचारलं की ते "छान" म्हणतात. छान हा अभिप्राय नव्हे. छान म्हणजे चहा झाला, आता निघतो. म्हणून फक्त एकच प्रश्न विचारायचा: काय खटकतं? तो तीन जणांना विचारायचा. एक शेजारी, एक नातेवाईक आणि एक घरातलं माणूस. उत्तर त्यांनी स्वतःच्या हाताने वहीत लिहायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं, शेवटचा अभिप्राय लिहून होईपर्यंत हे चित्र कॉम्प्युटरवर केलेलं आहे हे सांगायचं नाही. सांगितलं की माणूस बघायचं सोडून खोड काढायला लागतो. हे सगळे नियम वहीच्या पहिल्या पानावर मॅडमच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेले असतात. मी ते पान तिथेच उभ्या उभ्या वाचलं, पाठ केलं आणि नवी कोरी वही पिशवीत टाकली.

चित्र कशाचं करावं, हा प्रश्न मला पडला नाही. आमच्याच हॉलचं. मोजमापं फुकट मिळतात.

मग शनिवार-रविवार मी टेप घेऊन घरभर रांगलो.

"अहो, सोफ्याखाली काय शोधताय?" आमची ही म्हणाली.

"उंची."

"सापडली का?"

"चौदा सेंटिमीटर."

"बरं," असं म्हणून ती पुन्हा मशीनवर बसली. आमची ही गल्लीतल्या लोकांचे कपडे उसवून, आवळून, सैल करून देते. तिचं शिलाई मशीन हॉलमध्ये खिडकीशी असतं आणि ते चालू असलं की टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. (मला. तिला टीव्ही बघायला वेळ नसतो.)

खरं सांगतो, ते दोन दिवस मला फार मजा आली. पंधरा वर्षं मी त्या हॉलमध्ये राहतो आहे, पण सोफ्यामागच्या भिंतीला दोन वेगळे रंग आहेत हे मला तेव्हा कळलं. साडेचारला उन्हाचा एक तुकडा येतो, तो आधी शोकेसवर चढतो आणि मग खाली उतरून गालिच्यावर आडवा होतो. सोफ्याच्या गादीत डाव्या बाजूला चार सेंटिमीटरचा खळगा आहे. तो माझा. उजव्या बाजूला हिचा, तो जेमतेम अर्धा सेंटिमीटर. मी दोन्ही आकडे लिहून घेतले.

ऑफिसची किल्ली माझ्याकडे असते (सतरा वर्षांत मिळालेली एकमेव बढती), त्यामुळे पुढचा आठवडाभर ऑफिस सुटल्यावर मी तासदोन तास तिथेच बसून चित्र केलं. गालिच्याचे केस विस्कटले. स्विचबोर्डाभोवती बोटांचे डाग टाकले. कोपऱ्यातल्या स्टुलाचा एक पाय टवका उडालेला आहे, तो टवकासुद्धा काढला.

काही गोष्टी मात्र राहिल्या. आमच्या शोकेसचा खालचा ड्रॉवर सहा वर्षं बंद होत नाही, चार बोटं बाहेर असतो. कॉम्प्युटरमधला ड्रॉवर जन्मतःच बंद असतो, तो मी तसाच राहू दिला. भिंतीवरची फळी एका बाजूला उतरली आहे, ती कॉम्प्युटरने आपणहून सरळ केली. भिंतीवरचा ओलीचा डाग चित्रात दाखवायचा मला कंटाळा आला. आणि शिलाई मशीन. ते करायला गेलो तर चाक, पट्टा, सुई, दोऱ्याचं रीळ, वाकडा लोखंडी पाय, बापरे. दोन दिवस खपून जे तयार झालं ते अवघडलेल्या बदकासारखं दिसत होतं. म्हटलं, एवढ्याशा वस्तूने काय होतंय, आणि बदक काढून टाकलं. सोबत कापडांचे ढीगही काढून टाकले. हॉल एकदम मोठा दिसायला लागला.

सोमवारी फोटोच्या जाड कागदावर प्रिंट काढून घरी आलो.

"हे बघ," मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं.

हिने ओले हात पदराला पुसले, फोटो उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

"हे कधी काढलंत?"

"परवा. तू बाजारात गेली होतीस तेव्हा."

"हं. आपला हॉल."

"तुला यात काय खटकतं?"

"खटकतं म्हणजे?"

"म्हणजे बघताना डोळ्याला काही टोचतं का? ऑफिसचं काम आहे. या वहीत लिहायचं."

तिने फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग शोकेसकडे, मग पुन्हा फोटोकडे.

"वही ठेवा फ्रिजवर," ती म्हणाली. "सवडीने लिहिते."

मी मनातल्या मनात उडीच मारली. पंधरा वर्षं त्याच घरात राहणाऱ्या बाईला चित्र फोटो वाटला होता. आता बाकीचे दोघं म्हणजे हातचा मळ.

मंगळवारी मी वही आणि फोटो घेऊन वरच्या मजल्यावर गेलो. तिथे एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. सगळी इमारत त्यांना हेडसर म्हणते. ते वाण्याची यादीसुद्धा लाल पेनाने तपासतात. मी वहीचं मधलंच एक पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं आणि प्रश्न विचारला.

हेडसरांनी भिंग काढलं.

"हे स्टूल," ते म्हणाले.

"हो."

"टवका उडालेलं."

"अगदी बरोबर," मी खूश होऊन म्हणालो. तो टवका काढायला मला पाऊण तास लागला होता.

"हे माझं आहे. दोन वर्षांपूर्वी तुम्ही बल्ब बदलायला नेलं होतंत. मी ते आमच्या मेव्हण्याने लांबवलं असं समजून त्याच्याशी बोलणं सोडलं."

एकीकडे लाज वाटत होती, पण दुसरीकडे छाती फुगली होती. माणसाने भिंगातून बघून आपलं स्टूल ओळखावं, यापेक्षा मोठी पावती कुठली? हेडसरांनी वहीत लाल अक्षरात लिहिलं: "स्टूल परत करणे. बाकी ठीक. दहापैकी सात." आणि पेनाचं टोपण लावता लावता आवाज बारीक केला.

"घर काढलंत वाटतं विकायला?"

"नाही हो."

"मग हॉलचा फोटो कशाला?"

"सहज."

"सहज कोणी काढत नाही. आवरलेल्या हॉलचा फोटो माणूस दोनदा काढतो. घर घेताना आणि घर विकताना. तुम्ही घेऊन पंधरा वर्षं झाली."

"तसं काही नाही, सर."

"समजलं," हेडसर म्हणाले आणि त्यांनी एक डोळा बारीक केला. "मी कोणाला बोलणार नाही." मग त्यांनी आपल्या मोबाइलने माझ्या फोटोचा फोटो काढून घेतला.

स्टूल मी लगेच पोचवलं. संध्याकाळी ऑफिसातून घरी आलो तर ही दारातच.

"हेडसर भेटले जिन्यात. आपण घर विकतोय म्हणे."

"छे. काहीतरीच."

"मग फोटो कशाला काढला म्हणून विचारत होते. कशाला काढला?"

"सहज," मी म्हणालो. नियम म्हणजे नियम.

ती शांतपणे आत गेली आणि दोन कप चहा घेऊन बाहेर आली. "हे बघा, विकायचं असेल तर माझी हरकत नाही. पण लोक फोटो बघून येणार. फोटोत ड्रॉवर बंद आहे आणि इथे तो चार बोटं बाहेर. लोक म्हणतील, फसवलं."

"अगं, कोणी येणार नाहीये."

"मग हा ड्रॉवर परवा बंद कसा होता?"

या प्रश्नाला दोनच उत्तरं होती. एक खरं, ज्याने माझी खुर्ची गेली असती. म्हणून मी दुसरं दिलं. "होतो तो बंद. जरा खटपट केली की होतो."

"करा मग," ती म्हणाली.

बुधवारी मी रजा टाकून ड्रॉवर उपसला. आत सहा वर्षांची बिलं, तीन बंद पडलेली घड्याळं आणि एक कंगवा निघाला. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढून मागे हात घातला तर तिथे एक स्क्रूड्रायव्हर आडवा अडकलेला. मी तो ओळखला. सहा वर्षांपूर्वी ड्रॉवर किंचित कुरकुरतो म्हणून तो दुरुस्त करायला मीच हा आणला होता आणि सापडावा म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. तेव्हापासून ड्रॉवर बंद होत नव्हता.

मी हे हिला सांगितलं नाही. स्क्रूड्रायव्हर खिशात घातला आणि अंग दुखत असल्याचं दाखवलं.

"झाला की बंद," ती म्हणाली. "फोटोत ती फळीपण सरळ आहे ना?"

त्याच दिवशी फळी झाली. (अंगठ्याचं नख आता परत येतंय.) आणि रोज मी विचारत होतो, "लिहिलंस का गं वहीत?" आणि रोज ती म्हणत होती, "वही कुठे पळून चाललीय का?"

गुरुवारी मी ऑफिसातून लवकर निघालो आणि साडेचारला घरी येऊन चपला काढतो न काढतो तोच हेडसर एका जोडप्याला घेऊन आले. नवरा सगळीकडे टकटक करून बघत होता. बायकोच्या हातात मोबाइल, मोबाइलमध्ये माझं चित्र. ती एकदा चित्र बघे, एकदा हॉल बघे. मला धडकी भरायला हवी होती, पण खरं सांगायचं तर मला उत्सुकताच जास्त होती. दोन्ही एकाच वेळी समोर असताना माझं चित्र कसं ठरतं, हे बघायची संधी पुन्हा मिळणार नव्हती.

"प्रकाश अगदी फोटोतल्यासारखाच आहे," बाई म्हणाल्या.

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"पण ही ओल फोटोत नाही."

"ती जाणार आहे," आमची ही म्हणाली. "हे लांबी भरणार आहेत. शनिवारी."

मला हे नवीन होतं.

नवरा नळ बघायला बाथरूममध्ये गेला. बाई खिडकीशी थांबल्या. "आणि हे शिलाई मशीन? फोटोत इथे मोकळी जागा आहे. छान वाटते."

"हो," ही म्हणाली. "फोटोत ते नाहीये."

ती हे इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मी वळून तिच्याकडे बघितलं. ती मशीनवरचं कापड नीट करत होती.

जोडप्याला मी "विचार चालू आहे" असं सांगून वाटेला लावलं. घर विकायचं नाही असं ठणकावून सांगितलं असतं, तर "मग फोटो कशाला?" हा प्रश्न आला असता आणि मला आता ‘सहज’ म्हणायची भीती वाटायला लागली होती.

शुक्रवारी सासूबाई आल्या. त्या तीन गल्ल्या पलीकडे राहतात, पण कपड्यांची पिशवी घेऊन आल्या होत्या. सोफ्यावर उजव्या बाजूला बसल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, तो फोटो दाखवा बघू."

मी फोटो दिला आणि वहीचं हेडसरांच्या पुढचं पान उघडून ठेवलं. नातेवाइकाचा अभिप्राय आयताच चालून आला होता. "यात तुम्हाला काय खटकतं?"

सासूबाईंनी फोटो जवळ धरला, लांब धरला.

"हे घर कोणाचं?"

"आपलंच. हा काय, हाच हॉल."

"मग यात माझी मुलगी कुठंय?"

"ती बाजारात गेली होती."

"ती बाजारात गेली म्हणून मशीनही गेलं का?" सासूबाईंचा आवाज चढला नाही. त्यांचा कधीच चढत नाही, तिथेच पंचाईत असते. "कापडाचा एक तुकडा नाही. दोऱ्याचं रीळ नाही. ती घरात नसली तरी घरात असते, ते यात कुठेच नाही. एकट्या पुरुषाची खोली वाटते." मग त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून घेतलं आणि हळूच विचारलं, "घर विकताय म्हणे. तुमचं दोघांचं बरं चाललंय ना? काय असेल ते मोकळेपणाने सांगा."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी त्या प्रिंटकडे बघितलं आणि मला वाईट वाटलं, अगदी मनापासून. बोटांचे डाग मी काढले होते. गालिच्याचा प्रत्येक केस काढला होता. दुसऱ्याच्या स्टुलाचा टवका काढायला पाऊण तास दिला होता. आणि जिच्या मशीनच्या आवाजात पंधरा वर्षं टीव्ही बघितला, तिचं मशीन अवघड वाटलं म्हणून पुसून टाकलं होतं. सोफ्याच्या उजव्या बाजूचा खळगा अर्धा सेंटिमीटर का आहे, हे मला आता कळत होतं. ती तिथे बसतेच कधी?

"सगळं बरं आहे," मी म्हणालो. "खरंच बरं आहे."

सासूबाईंनी वहीत लिहिलं: "घर नीटनेटकं आहे. मुलगी दिसत नाही." आणि पिशवी उचलून आतल्या खोलीत ठेवली.

आता फक्त हिचा अभिप्राय राहिला होता. तो मिळाला की सगळं सांगून टाकायचं, एवढा एकच विचार मी करत होतो.

"आज लिही ना," मी म्हणालो.

"ओल राहिलीय अजून," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी मी लांबी भरली. भिंतीपेक्षा माझ्या अंगावर जास्त भरली गेली. दुपारी ती वाळल्यावर रंग मारला. साडेचार वाजले तेव्हा उन्हाचा तुकडा शोकेसवर चढला, बंद ड्रॉवरवरून खाली उतरला आणि गालिच्यावर आडवा झाला. फळी सरळ. भिंत स्वच्छ. मी दारात उभा राहून बघितलं. हॉल हुबेहूब माझ्या चित्रासारखा झाला होता.

"आता एकच राहिलं," ही म्हणाली. तिने मशीनच्या एका बाजूला हात घातला. "फोटोत हे इथे नाही. धरा ती बाजू. आत कुठेतरी नेऊन ठेवू."

"नको," मी म्हणालो.

"अहो, फोटोत..."

"तो फोटो नाहीये." माझ्या तोंडून निघून गेलं. "ते मी कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र आहे. घर विकायचं नाहीये. मला थ्रीडीची खुर्ची मिळणार होती, म्हणून तिघांचे अभिप्राय घ्यायचे होते, आणि तिसरा येईपर्यंत सांगायचं नव्हतं. आता सांगितलं. गेली खुर्ची. जाऊ दे. मशीन तिथेच राहू दे. मला ते काढता आलं नाही म्हणून मी काढलं नाही. बदकासारखं दिसत होतं."

ती मशीन सोडून खुर्चीवर बसली. मला वाटलं रडते की काय. ती हसत होती.

"वही आणा," ती म्हणाली.

मी फ्रिजवरची वही आणली. तिने ती घेतली आणि पहिलं पान उलटलं. मॅडमच्या नियमांचं पान. त्याच्या पाठीमागे, जिथे आठवडाभर मी ढुंकूनही बघितलं नव्हतं, तिथे आमच्या हिचं अक्षर होतं. वर तारीख होती. सोमवारची.

"ड्रॉवर बंद आहे, हे खटकतं. फळी सरळ आहे. ओल नाही. माझं मशीन नाही. म्हणजे हा फोटो नव्हे, यांनी ऑफिसात काहीतरी करून आणलेलं आहे. नियम वाचले. शेवटचा अभिप्राय येईपर्यंत सांगायचं नाही असं लिहिलं आहे, म्हणून मीही यांना सांगत नाही."

मी ते दोनदा वाचलं.

"म्हणजे तुला सोमवारीच..."

"तुम्ही सोफ्याखाली उंची शोधत होतात तेव्हाच शंका आली होती."

"मग शेवटचा अभिप्राय कालच झाला. आईंचा."

"कालच सांगणार होते," ती म्हणाली. "पण ओल राहिली होती."

सासूबाई आतून सगळं ऐकत असाव्यात, कारण त्या पिशवी घेऊन बाहेर आल्या आणि "चला, मी निघते" म्हणाल्या. दारात थांबून त्यांनी भिंतीकडे बघितलं. "छान झालीय हो भिंत," त्या म्हणाल्या, आणि छान म्हणजे काय ते मला माहीत होतं.

रविवारी मी हिला ऑफिसात घेऊन गेलो. ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. चाक कुठे जाड असतं, पट्टा कुठून जातो, दोरा आधी कुठे अडकवतात, हे ती सांगत गेली आणि मी काढत गेलो. बदकाचं मशीन झालं. मग तिने मशीनवर अर्धी उसवलेली बाही ठेवायला लावली आणि सुई दोऱ्यासकट तिच्यात तशीच टोचून ठेवायला सांगितली. "मी उठते तेव्हा अशीच ठेवते," ती म्हणाली. मला हे माहीत नव्हतं. पाच तास ती बसली होती, आणि इतका वेळ तिला मशीनशिवाय बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

सोमवारी मॅडमनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली. वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, पहिल्या पानाच्या पाठीसकट.

"पहिलं चित्र बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यात कोणीतरी आत्ता उठून आत गेलंय." मग चष्मा काढला. "खुर्ची तुमची. पण एक अट. इथून पुढे घरातला अभिप्राय तुमच्या बायकोचाच. प्रत्येक चित्राला."

तेव्हापासून मी त्या खुर्चीवर आहे. (घर विकायचं नाही यावर हेडसरांचा अजून विश्वास बसलेला नाही. ते महिन्यातून एक गिऱ्हाईक पाठवतात.) पहिलंच काम एका मोठ्या हॉलचं आलं. मॅडम म्हणाल्या, यात एक माणूसही घाला, म्हणजे खोलीचा अंदाज येतो. मी माझीच मापं घेतली. माणूस शिडीवर चढवला, हातात तो सहा वर्षांचा स्क्रूड्रायव्हर दिला आणि तो भिंतीवरची फळी बसवतोय असं दाखवलं. त्याच्या दंडाच्या शिरासुद्धा काढल्या. चार दिवस लागले. मग प्रिंट आणि वही घरी नेऊन फ्रिजवर ठेवली.

सकाळी हिचा अभिप्राय लिहून तयार होता: "सोफा खरा वाटतो. पडदा खरा वाटतो. ऊन फारच सुंदर. फक्त नवरा काम करतोय, हे खटकतं."

मी शिडी काढून टाकली. स्क्रूड्रायव्हर काढून टाकला. त्या माणसाला सोफ्यावर डाव्या बाजूला बसवलं, चार सेंटिमीटर खोल. चित्र त्याच दिवशी पास झालं.